छतावरून रेखांश: एन्डेव्हर जहाजाच्या रीतीनं आपलं घर नकाशावर मांडायचं कसं

दरवर्षी २५ डिसेंबरला इंदूरला आमच्या रामबागेतल्या घराच्या छतावर एक जुना फ्लश डोअर आडवा पडतो. (गच्चीला आमच्याकडे छतच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.) सकाळचे पोहे आटोपले की मी, आठवीतली नात आणि तिच्या दोन मैत्रिणी त्या दाराभोवती बसतो, ते थेट दुपारी दोनला उठतो. तेवढ्या वेळात आपलं घर पृथ्वीवर नेमकं कुठे आहे ते सूर्यावरून काढायचं. मोबाईलवरचा नकाशा उघडायचा नाही. मोबाईल फक्त घड्याळ म्हणून वापरायचा.

मी ३१ वर्षं गणित शिकवलं. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या पहिल्या सफरीची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचे. १७६८ च्या ऑगस्टमध्ये प्लिमथहून निघालेलं एन्डेव्हर, मुळात कोळसा वाहणारं, सपाट तळाचं, ३६८ टनी जहाज. त्यात दाटीवाटीनं ९४ माणसं. पुढे प्रशांत महासागरातलं ताहिती बेट, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा. (त्या वेळी इकडे अहिल्याबाईंनी माळव्याचा कारभार हाती घेतल्याला वर्षही झालं नव्हतं, हे सांगितलं की मुलांना काळ बरोबर कळायचा.) एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, आजूबाजूला नुसतं पाणी असताना आपण कुठे आहोत हे त्यांना कळायचं कसं?" मी फळ्यावर आकृती काढून उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, पण घरी येताना लक्षात आलं की मी स्वतः हे एकदाही करून पाहिलेलं नाही. त्याच डिसेंबरात दार छतावर चढलं.

आता सामानाकडे वळू. तीन फूट रुंदीचा जुना फ्लश डोअर किंवा तेवढं प्लायवूड. साधारण सव्वा मीटर उंचीची सरळ लाकडी पट्टी, जड पाटावर उभी ठोकलेली. पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा. दोरा आणि वजन, म्हणजे ओळंबा. मिस्त्री वापरतो ती पाणसळ. मोठ्या कागदाचे चार ताव, पेन्सिल, स्टीलची टेप. पत्र्याला मधोमध पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि कडा कानशीनं साफ करा. मग पत्रा पट्टीच्या माथ्यावर असा ठोका की भोकाचा भाग पट्टीच्या बाहेर, छज्जासारखा आडवा राहील.

नुसती काठी का नको? मी पहिल्या वर्षी नुसतीच काठी उभी केली होती. सावलीच्या टोकाकडे वाकून बघा, ते टोक असं नसतंच. गडद सावली संपते, मग करड्या रंगाचा दोनेक सेंटिमीटरचा धूसर पट्टा येतो, मग ऊन. खूण नेमकी कुठे करायची? भोकातून मात्र उन्हाचा एक लहानसा ठिपका पडतो आणि तो लंबगोल असतो. भोक गोल आणि ठिपका लंबगोल, कारण ते भोकाचं चित्र नाहीच, ते सूर्याच्या बिंबाचं चित्र आहे, तिरकं पडल्यामुळे लांबट झालेलं. नात पहिल्यांदा त्यावर हात धरून म्हणाली, "आजी, सूर्य माझ्या हातावर आलाय." त्या ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलीची खूण करायची. ठिपक्याकडे बघायचं, सूर्याकडे कधीच नाही. गॉगल घालूनसुद्धा नाही. मुलं बरोबर असतील तर हे दर अर्ध्या तासानं बजावा.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. छत सपाट नसतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मिस्त्रीनं त्याला ढाळ दिलेला असतो. आमच्या छताला दर पाच फुटाला इंचभर ढाळ आहे, तोही उत्तरेकडे. पहिल्या वर्षी मी दार तसंच छतावर टाकलं आणि सावली पावणेदोन सेंटिमीटर जास्त लांब आली. हिशेब केल्यावर आमचं घर थेट उज्जैनच्या अक्षांशावर जाऊन पोचलं. तेव्हा दाराखाली पुठ्ठ्याचे, फरशीचे तुकडे सरकवत पाणसळीचा बुडबुडा उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना मध्यावर आणा. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. मग भोकातून ओळंबा सोडा. ओळंब्याचं टोक दारावर जिथे टेकतं ती जागा म्हणजे आपला मूळबिंदू. तिथपासून भोकाची उंची बरोबर १०० सेंटिमीटर येईल असा पत्रा वरखाली करा. १०० घेतलं की पुढचं गणित सोपं होतं.

कागद चिकटवून मूळबिंदूपासून उत्तरेच्या बाजूला तीन कंस काढा: ११५, ११२ आणि १०९ सेंटिमीटर त्रिज्येचे. दोऱ्याला पेन्सिल बांधू नका, दोरा ताणला जातो. टेपच धरा.

सकाळी अकराच्या आधीच बसा. ठिपका दाराच्या पश्चिम कडेकडून आत येतो आणि हळूहळू मूळबिंदूजवळ सरकतो. तो एकेका कंसावर येईल तेव्हा एकानं "आला!" म्हणायचं आणि दुसऱ्यानं सेकंदासकट वेळ लिहायची. साडेअकरा ते सव्वा दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण करत राहा. दुपारी तोच ठिपका तेच कंस उलट क्रमानं ओलांडतो, पूर्वेच्या बाजूला. त्याही वेळा लिहा. दोन वेळांचा मध्य म्हणजे आपल्या घराची खरी मध्यान्ह, सूर्य आपल्या डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर आल्याचा क्षण.

सूर्य ऐन माथ्यावर असताना त्याची उंची कितीतरी मिनिटं जवळपास बदलतच नाही, त्यामुळे तो क्षण थेट पकडायला गेलं तर फसायला होतं. सकाळ-दुपारच्या समान उंचीच्या वेळा घेऊन मध्य काढणं हा त्यावरचा जुना उपाय. आपल्याकडे शंकू, म्हणजे सावली मोजायची काठी, उभा करून वर्तुळावरून दिशा काढायची ती हीच रीत. उज्जैनच्या जंतर-मंतरमध्ये सवाई जयसिंगांच्या नावानं उभं असलेलं शंकू यंत्र जाऊन बघा. ताहितीत कुक आणि खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीन हेही लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनं दिलेलं शेल्टनचं लंबकाचं घड्याळ असंच समान उंचीवरून तपासत होते. त्यांच्याकडे दार नव्हतं, जॉन बर्डनं बनवलेला पितळी क्वाड्रंट, म्हणजे उंचीचा कोन मोजायचं यंत्र, होतं.

मागच्या खेपेची आमची वही जशीच्या तशी देते.

११५ चा कंस: सकाळी ११:१८:१०, दुपारी १:३५:४०. मध्य १२:२६:५५.
११२ चा कंस: सकाळी ११:२८:५०, दुपारी १:२४:१०. मध्य १२:२६:३०.
१०९ चा कंस: सकाळी ११:४१:००, दुपारी १:१३:२०. मध्य १२:२७:१०.
सरासरी १२:२६:५२.

आता रेखांश. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपली मध्यान्ह बारानंतर २६ मिनिटं ५२ सेकंदांनी झाली, म्हणजे २६.८७ भागिले ४, बरोबर ६.७२ अंश. ८२.५ मधून ते वजा केले की ७५.७८ अंश पूर्व.

अक्षांशाला घड्याळ लागतच नाही. पाच-पाच मिनिटांच्या खुणा जोडून रेषा काढा आणि मूळबिंदूपासून तिचं सगळ्यात कमी अंतर मोजा. आमचं १०३.६ सेंटिमीटर आलं. भागिले १०० केलं, कॅल्क्युलेटरवर उलट टॅन दाबलं, ४६.० अंश. सूर्य शिरोबिंदूपासून, म्हणजे ऐन डोक्यावरच्या बिंदूपासून, तेवढा दक्षिणेला कललेला होता. २५ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेला असतो, याला क्रांती म्हणतात. ४६.० वजा २३.४, उरले २२.६ अंश उत्तर.

मग नकाशा उघडायचा. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व. आमच्या गणितानं घर इंदूरच्या नैऋत्येला असलेल्या राऊच्याही थोडं पुढे नेऊन ठेवलं होतं, म्हणजे पंधराएक किलोमीटरची चूक. नातीला वाईट वाटलं, तिनं १०३.६ खोडून १०४ करायला रबर हातात घेतलं. मी तिचा हात धरला. आलेला आकडा खोडायचा नाही. हवं तर खाली लिही की दाराचा उत्तरेकडचा कोपरा दोनदा हलला होता. तो खरोखरच हलला होता.

चुकीचं माप कळलं की मोजण्याची गोडी लागते. या दिवशी ठिपक्यात एक सेंटिमीटर जास्त मोजलात तर अक्षांश पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो, साधारण ३० किलोमीटर. म्हणजे आपण इंदूर सोडून सांवेरला. मध्यान्हीची वेळ एक मिनिट उशिरा धरली तर पश्चिमेला पाव अंश, म्हणजे बेटमा.

२५ डिसेंबरच का, हे नात्यातल्या प्रत्येकानं विचारलं आहे. सूर्यघड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ वर्षभर एकमेकांशी जुळत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटांहून जास्त पुढे असतो, फेब्रुवारीत १४ मिनिटं मागे. दोघं जुळतात ते वर्षातून फक्त चार वेळा: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. एप्रिलच्या उन्हात इंदूरच्या छतावर तीन तास बसणं मुलांच्या जिवावर येतं, आणि सूर्य इतका वर असतो की ठिपका २३ सेंटिमीटरवरच पडतो, त्यामुळे लहानशा चुकीचाही मोठा घोळ होतो. डिसेंबरात थंडी असते, सुट्टी असते, सावली लांब असते, आणि उत्तरायणाच्या तोंडावर क्रांती दिवसभरात जवळपास हलत नाही. वडोदऱ्याला माझी नणंद त्याच दिवशी हे करते. तिला मध्यान्ह १२:३७ च्या सुमारास आणि ठिपका १०२.५ वर मिळायला हवा. ग्वाल्हेरला १२:१७ आणि ११७.५. पुण्याच्या मंडळींना १२:३४ ते १२:३५ आणि ९० च्या किंचित अलीकडे.

इथवर आलं की कुकच्या सफरीतली खरी अडचण समोर येते. आपण १२:२६:५२ लिहिलं, कारण खिशातल्या यंत्राला ८२.५ रेखांशावरची वेळ माहीत होती. एन्डेव्हरवर ग्रीनिचची वेळ सांभाळणारं असं घड्याळ नव्हतं. समुद्रावरही अचूक वेळ सांभाळणाऱ्या हॅरिसनच्या घड्याळाची केंडल या घड्याळजीनं बनवलेली नक्कल कुकला मिळाली ती दुसऱ्या सफरीत, १७७२ मध्ये. पहिल्या सफरीत घड्याळाचं काम चंद्रानं केलं. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्याच रुंदीएवढा. ठराविक ताऱ्यापासून चंद्र किती अंशांवर आहे ते मोजा, ग्रीनिचला तेवढं अंतर किती वाजता असेल ते छापील कोष्टकात बघा, की तिथली वेळ हातात आली. ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइननं काढलेलं ते कोष्टक, नॉटिकल अल्मनॅक, १७६७ सालापासून छापलं जाऊ लागलं होतं. त्यात दर तीन तासांची अंतरं होती. ग्रीननं जहाजावरच्या अधिकाऱ्यांना ही मापं घ्यायला आणि त्यांचं गणित करायला शिकवलं. शिक्षिका म्हणून मला या सफरीतला तोच माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

हे घरी पूर्ण करणं अवघड आहे. मापात कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली तर रेखांश अर्ध्या अंशानं चुकतो. पण चंद्राचं सरकणं बघता येतं, आणि आपल्याला ते परकं नाही. कोष्टकातले तारे कोणते होते बघा: रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण! चंद्राच्या वाटेवरचे जे ठळक तारे आपल्या आजीच्या तोंडी होते, तेच त्या खलाशांच्या कामाचे. दिनदर्शिकेत ज्या दिवशी चंद्र रोहिणी नक्षत्रात आहे त्या रात्री आठ वाजता छतावर जा, हात पूर्ण लांब करून चंद्र आणि रोहिणीचा तांबूस तारा यांच्यात किती बोटं मावतात ते मोजा. एक बोट जवळजवळ दोन अंश. पुन्हा अकरा-बारा वाजता मोजा. बोटभर फरक पडलेला दिसला की कोष्टक कशासाठी छापलं होतं ते कळतं.

एवढा आटापिटा करून ते ताहितीला गेले ते ३ जून १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी. सूर्याच्या बिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकताना पृथ्वीच्या दूरदूरच्या टोकांवरून वेळा घ्यायच्या आणि त्यांच्या फरकावरून सूर्याचं अंतर काढायचं. राजानं रॉयल सोसायटीला ४,००० पौंड दिले होते. शिवाय दक्षिणेकडचा खंड शोधायचा गुप्त हुकूम कुकच्या पेटीत वेगळा होता. तो खंड शोधताना न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर पहिल्या काही दिवसांतच यांच्या गोळ्यांनी तिथली मूळची माओरी माणसं मेली. मुलांना मी हे गाळून सांगत नाही.

अधिक्रमणाच्या महिनाभर आधी किनाऱ्यावरच्या तंबूतून तो क्वाड्रंट चोरीला गेला. सफरीवरचा निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स आणि ग्रीन ताहितीच्या लोकांच्या मदतीनं उन्हातान्हात मैलोगणती मागावर गेले आणि सुटे झालेले भाग घेऊन परतले. बँक्सच्या चमूतल्या स्पॉरिंगनं तो पुन्हा जुळवला. हा मुळात घड्याळजीचं काम केलेला माणूस. दाराचा एक कोपरा हलला तर आमचं घर राऊला जातं, मग वाकलेल्या क्वाड्रंटवर त्याचे हात कसे चालले असतील याचा मी पुष्कळदा विचार करते.

त्या दिवशी आकाश निरभ्र होतं, उन्हात ठेवलेल्या थर्मामीटरनं ११९ फॅरनहाइट दाखवले. आणि तरीही कुक, ग्रीन आणि बँक्सचा सोबती निसर्गअभ्यासक सोलँडर यांच्या वेळा जुळल्या नाहीत. का, ते आत्ता बसल्या जागी बघता येईल. खिडकीच्या उजेडासमोर, डोळ्यापासून वीतभर अंतरावर अंगठा आणि तर्जनी धरा आणि अगदी हळू जवळ आणा. ती टेकायच्या आधीच मध्ये एक काळसर पूल उगवतो. आता सांगा, बोटं टेकली केव्हा? शुक्र सूर्याच्या कडेला आला तेव्हा असाच काळा थेंब लोंबकळत राहिला, आणि प्रत्येकाला स्पर्शाचा क्षण वेगळा वाटला. कुकनं वहीत लिहून ठेवलं की आमच्या वेळांत अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त फरक आहे. तिघांच्या वेळा तशाच नोंदवल्या गेल्या. पुढे १७७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ थॉमस हॉर्न्सबीनं जगभरच्या अशा नोंदींवरून सूर्याचं अंतर ९,३७,२६,९०० मैल काढलं. आजचं सरासरी अंतर सुमारे ९,२९,५६,००० मैल आहे. शंभरात एकाहूनही कमी चूक, आणि ती त्या न जुळणाऱ्या आकड्यांमधून निघालेली. रबर हातात घेतलेल्या नातीला मी हेच सांगितलं होतं.

ग्रीनला तो आकडा कळला नाही. बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) बंदरात जहाजाला हगवण आणि तापानं घेरलं. ७० हून जास्त बेटांचा नकाशा स्वतःच्या ज्ञानावर उभा करणारा ताहितीजवळच्या रायातेआ बेटाचा, सफरीत सामील झालेला तुपाइया १७७० च्या अखेरीस तिथेच गेला. परतीच्या समुद्रात, जानेवारी १७७१ च्या एकाच आठवड्यात स्पॉरिंग, चित्रकार पार्किन्सन आणि ग्रीन हे तिघंही गेले. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नातीनं तिघांची नावं लिहिली आहेत.

काम झालं की दार फेकू नका. पत्र्याची पट्टी काढून ठेवा, मूळबिंदूला खिळा ठोका, कागद तसेच राहू द्या. कारण इंदूर कर्कवृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला आहे, आणि २१ जूनला पाऊस लांबला असेल तर हेच दार पुन्हा पाणसळीत लावायचं आहे. त्या दिवशी सूर्याची क्रांती २३.४ उत्तर, म्हणजे आपल्या अक्षांशापेक्षा जास्त. ठिपका मूळबिंदूच्या दक्षिणेला पडायला हवा, सव्वा सेंटिमीटरवर. आजवर दोनदा ढगांनी घालवलं. नातीनं दक्षिणेच्या बाजूला सव्वा सेंटिमीटरवर निळ्या पेननं छोटी रेघ आधीच मारून ठेवली आहे आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.